जिरेटोप कोणाचा?

ज्या समाजास आपला इतिहास वाचण्याचा कंटाळा येतो, त्या समाजास तो कोणी तरी वेष धारण करून दाखवावा लागतो. आणि मग इतिहासाविषयीचा आदर हळूहळू वेष धारण करणाऱ्याच्या पायी वाहिला जातो. हा नियम काही आजचा नाही. परंतु २००८ सालापासून महाराष्ट्रात तो ज्या थरास जाऊन पोचला आहे, त्याचा विचार सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांनी तरी शांतपणे करावा, एवढ्याचसाठी हा लेख आम्ही लिहीत आहो. विषय नाजूक आहे. शिवछत्रपती आणि संभाजीराजे यांची नावे त्यात येणार. एका लोकप्रिय नटाचे व लोकप्रतिनिधीचेही नाव येणार. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, आमचे भांडण नटाशी नाही. ते आमच्या तुमच्याशी, म्हणजे प्रेक्षकांशी आहे.

डॉ. अमोल कोल्हे हे जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. वैद्यकीची पदवी घेऊन ते नटाच्या व्यवसायात शिरले. २००८ साली स्टार प्रवाह वाहिनीवर कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी निर्माण केलेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका सुरू झाली आणि तीत त्यांनी महाराजांची भूमिका केली. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू झाली, ती फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. तीत ते संभाजीराजे झाले. २०२२ साली 'शिवप्रताप गरुडझेप' या चित्रपटात पुन्हा शिवराय; त्यानंतर 'शिवपुत्र संभाजी' या महानाट्यात, गावोगावच्या मैदानांवर, पुन्हा संभाजीराजे. पिता आणि पुत्र या दोन्ही भूमिका एकाच नटाने वर्षानुवर्षे कराव्यात आणि त्या दोन्ही लोकांनी डोक्यावर घ्याव्यात, असा योग मराठी नाट्यसृष्टीत विरळाच. आवाज, चर्या, घोड्यावरील बैठक आणि शब्दोच्चाराचा स्पष्टपणा हे गुण त्यांच्या अंगी नसते, तर असे झाले नसते, हे मान्य केले पाहिजे.

आणखीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, कारण प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते नाकारून वाद जिंकण्यात अर्थ नाही. संभाजीराजांवर मराठी रंगभूमीने फार मोठा अन्याय केला होता. राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली. त्यांच्या घराण्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांस संभाजीराजांनी १६८१ साली देहान्त शासन केले होते. तेव्हा ती लेखणी किती तटस्थ असेल याची कल्पना कोणासही करता येईल. पण नाटककारांनी ती केली नाही. राम गणेश गडकऱ्यांचे 'राजसंन्यास' त्यांच्या १९१९ मधील मृत्यूमुळे अपुरे राहिले, तरी त्यातील व्यसनी, विलासी संभाजी अपुरा राहिला नाही. तो शाळाशाळांतून, संमेलनांतून पुरा वाढला. विष्णु हरि औंधकरांच्या 'बेबंदशाही'ने त्याला आणखी रंग चढविला. या चित्राविरुद्ध वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी आयुष्याची अनेक दशके कागदपत्रे धुंडाळली आणि १९६० साली आपला चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' आला. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा, मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा अनेक शत्रूंशी एकाच वेळी झुंजणारा राजा या ग्रंथांनी पुढे आणला. पण ते ग्रंथ किती घरांत गेले? बेंद्र्यांचा राजा ग्रंथालयाच्या कपाटात बसून राहिला. मालिकेतला राजा दिवाणखान्यात येऊन बसला. ज्या आजीबाईंनी लहानपणी 'राजसंन्यासा'तील संवाद ऐकले होते, त्यांच्या मनातील डाग मालिकेने पुसला. हे श्रेय डॉ. कोल्हे व त्यांचे सहकारी यांचेच आहे आणि ते आम्ही मोकळ्या मनाने देतो.

पण येथेच आमचा पहिला आक्षेप उभा राहतो. डाग पुसला कोणी? ज्या साधनाने तो लावला होता, त्याच साधनाने. पूर्वी नटाने मद्याचा पेला हाती धरला म्हणून आम्ही संभाजीराजांस व्यसनी मानले. आज नटाने तो धरला नाही म्हणून आम्ही त्यांस निर्दोष मानतो. दोन्ही वेळा पुराव्याकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नाही. निकाल बरोबर लागला म्हणून न्यायाधीशाने साक्षीपुरावा न वाचता दिलेला निकाल न्याय ठरत नाही. उद्या तोच न्यायाधीश तितक्याच सहजपणे उलटा निकाल देईल. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. 'राजसंन्यासा'स उत्तर द्यावयाचे तर बेंद्र्यांचा ग्रंथ होता. तो हातात घेऊन कोणी उद्यानात गेले असते आणि पुतळ्याखाली बसून त्याची चार पाने मोठ्याने वाचली असती, तर गडकऱ्यांचा खरा पराभव तेथे झाला असता. वाचन नसलेली भक्ती उत्तर देऊ शकत नाही; ती फक्त उखडू शकते.

आता मालिका या प्रकाराचाच थोडा विचार करू. आठवड्यातून पाच-सहा दिवस, रोज वीस-बावीस मिनिटे, अशी दोन-अडीच वर्षे गोष्ट चालवायची, म्हणजे शेकडो भाग होतात. इतिहासात लढाई एका दिवसात संपते, पण कट महिनोन् महिने चालविता येतो. लढाईस घोडे, माणसे, मैदान आणि पैसा लागतो. कटास एक दालन, दोन समया आणि भिंतीआड उभा असलेला कोणी तरी एवढे पुरते. यामुळे ऐतिहासिक मालिका आपोआप दरबारात व माजघरात शिरते. राज्यकारभार, वसुली, दाणागोटा, आरमार, तोफांसाठी लागणारी दारू, पावसाळ्यात बंद होणारे घाट, या गोष्टींवर राज्ये उभी राहतात व पडतात. पण या गोष्टींत भुवया उंचावून पाहण्याजोगे काही नसते. म्हणून त्या वगळल्या जातात आणि स्वराज्य म्हणजे एका थोर घरातील कलह, असा समज रुजतो. हा दोष कोणा एका निर्मात्याचा नव्हे, तो त्या धंद्याच्या हिशेबाचा आहे. परंतु जो माल हिशेबाने असा झाला, त्यास आम्ही 'इतिहास' का म्हणावे?

मालिकेच्या आरंभी काही अक्षरे झरझर सरकत जातात. कल्पनेचे स्वातंत्र्य घेतले आहे, प्रसंग नाट्यपूर्ण केले आहेत, असे त्यांत असते. ती वाचून पुरी होण्याच्या आत नाहीशी होतात आणि शीर्षकगीताचे नगारे सुरू होतात. कायद्याच्या दृष्टीने निर्माता मोकळा झाला. प्रेक्षक मात्र अडकला. आमच्या जयगडच्या किल्ल्याविषयी एक दंतकथा आहे. तट उभा राहीना, तेव्हा जयबा नावाच्या एका माणसाने आपणहून पायात बळी जाण्याचे पत्करले आणि त्याच्या नावावरून किल्ल्यास जयगड हे नाव पडले. गावातला निरक्षर म्हातारा ही गोष्ट सांगताना शेवटी 'म्हणतात' हा एक शब्द घालतो. हा एक शब्द म्हणजे इतिहासाची सारी सचोटी आहे. मला हे ठाऊक नाही, मी ऐकले आहे, तू पारखून घे, असे तो त्या एका शब्दात सांगून जातो. लाखो रुपये खर्चून केलेल्या मालिकेत सर्व काही असते. तो 'म्हणतात' तेवढा नसतो. जे कागदावर आहे आणि जे काल रात्री लेखकाच्या मनात आले, ते दोन्ही एकाच आवाजात, एकाच वेषात, एकाच तेजाने आमच्यासमोर उभे राहते. मग मुलाने फरक करावा कसा?

जयगडाचे नाव निघालेच आहे, तर त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण आमचा मुद्दा तिच्यावरून जितका स्पष्ट होईल तितका कोणत्याही तर्काने होणार नाही. शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर हा किल्ला आहे; पलीकडे तवसाळ. वर टेकाडावर बालेकिल्ला, खाली पाण्याच्या कडेस दुसरा कोट. तो विजापूरकरांनी बांधला. पुढे तो संगमेश्वरच्या एका नाइकाच्या हाती गेला. त्याच्यापाशी सात-आठ गावे आणि सहाशे माणसे. पण त्यास हटविण्यासाठी विजापूरकर व पोर्तुगीज या दोन सत्तांना एकत्र येऊन १५८३ व १५८५ अशा दोन वेळा स्वाऱ्या कराव्या लागल्या. शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी पाऊणशे नव्हे, पण चांगली पंचेचाळीस वर्षे आधी कोकणातला एक लहानसा नाईक दोन दर्यावर्दी व बलाढ्य सत्तांना पुरून उरत होता, ही गोष्ट काय कमी नाट्यपूर्ण आहे? १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांशी जो तह केला, त्यात आंग्र्यांकडे राहिलेल्या दहा किल्ल्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या बरोबरीने जयगडाचे नाव आहे. १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला.

आणि याच शास्त्री नदीच्या काठाने वर जावे, तो संगमेश्वर लागते. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावरचे हे गाव. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाने संभाजीराजांस व कवी कलशास येथे पकडले. ११ मार्च रोजी भीमेच्या काठी त्यांचा वध झाला. म्हणजे राजांनी स्वतंत्रपणे ज्या भूमीवर अखेरचे पाऊल टाकले, ती भूमी आमच्या नदीच्या काठची आहे. ज्या पाण्याजवळ ते पकडले गेले, ते पाणी जयगडाच्या तटाखालून समुद्रास जाते.

इतके असून किल्ल्यावर येणारे पाहुणे आम्हांस काय विचारतात? 'येथे कोणत्या मालिकेचे चित्रीकरण झाले?' आम्ही नाही म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो. संगमेश्वरच्या नाइकाचे नाव त्यांनी ऐकलेले नसते. तहातल्या दहा किल्ल्यांची यादी त्यांस ठाऊक नसते. खालच्या कोटापर्यंत उतरून जाण्याची तसदी ते घेत नाहीत. बुरुजावर उभे राहून छायाचित्र घेतात, पाठीमागे समुद्र येईल असे पाहतात आणि गणपतीपुळ्याकडे परततात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांस जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत उत्तरेचा सुवर्णदुर्ग आहे, दक्षिणेचा विजयदुर्ग आहे; मधला जयगड नाही. यात युनेस्कोवर रागावण्याचे कारण नाही. ज्या किल्ल्याची कथा त्याच्याच जिल्ह्यातील घराघरांत कोणी सांगत नाही, त्याची कथा पॅरिसमध्ये कोणी सांगावी अशी अपेक्षा करणे हे हास्यास्पद आहे. आज जयगडाची ओळख विचाराल तर लोक बंदर सांगतील आणि कोळशावर चालणारा बाराशे मेगावॅटचा वीजप्रकल्प सांगतील. तेथे निर्माण झालेल्या विजेवर कोठे तरी दिवाणखान्यात ऐतिहासिक मालिका चालते. आणि तीत जयगड नसतो!

कोणी म्हणेल, हा स्थानिक अभिमान झाला. तसे नाही. जयगड हे एक उदाहरण. मालिकेने इतिहास शिकविला, असे जे म्हणतात, त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, शिकलेला मनुष्य प्रश्न घेऊन बाहेर पडतो. तुमची मुले मालिका पाहून कोणता प्रश्न घेऊन बाहेर पडली? डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे का गेले, हा मराठ्यांच्या इतिहासातील अत्यंत अवघड प्रश्नांपैकी एक आहे. प्रामाणिक चरित्रकार तेथे थबकतो, कागद पुढे ठेवतो, शक्यता सांगतो. मालिकेच्या नायकास थबकता येत नाही. उद्याचा भाग तयार असावा लागतो. तो डोळ्यांत पाणी आणून कारण सांगतो आणि प्रेक्षकांचेही डोळे भरून येतात. अश्रूंनी भरलेल्या डोळ्यांस कागद वाचता येत नाही.

आता चेहऱ्याविषयी. शिवछत्रपतींचे म्हणून पूर्वी भलत्याच एका सरदाराचे चित्र पुस्तकांतून छापले जाई. बेंद्र्यांनी मेहनतीने शोध करून १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे महाराष्ट्रास आपल्या राजाचे खरे रूप दिसले. एका संशोधकाच्या श्रमाने परत मिळविलेला तो चेहरा आम्ही पाऊणशे वर्षांत पुन्हा हरवून बसलो. आज शाळेतील मुलास डोळे मिटून महाराज आठव म्हटले, तर त्याला त्या चित्रातला राजा आठवत नाही, नट आठवतो. स्नेहसंमेलनात तो महाराजांचे भाषण करतो, ते नटाच्या आवाजाची नक्कल करून. आम्ही हे दोष म्हणून नटाच्या माथी मारीत नाही. भूमिका इतकी उतरली, हे त्याच्या कलेचे यश. परंतु कलेच्या यशास प्रेक्षकाच्या विवेकाची जोड नसेल, तर त्याचा परिणाम काय होतो, तो पाहा.

पहिला परिणाम नटावरच होतो. डॉ. काशिनाथ घाणेकर हे आमच्याच जिल्ह्यातील चिपळूणचे. तेही डॉक्टर, दंतवैद्य. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकात ते संभाजी झाले आणि एका रात्रीत नाव झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत 'अश्रूंची झाली फुले' मध्ये ते लाल्या झाले, वाया गेलेला, उद्धट, शिट्ट्या मिळविणारा लाल्या; आणि त्यानंतर 'इथे ओशाळला मृत्यू' मध्ये पुन्हा संभाजी. काल लाल्या असलेला मनुष्य आज राजा कसा होतो, असे त्या काळच्या प्रेक्षकाने विचारले नाही. नाट्यगृहाचा पडदा पडला की भूमिका संपते, एवढे त्यास समजत होते. घाणेकरांवर लोकांनी वेडे प्रेम केले, पण ते नटावर केले.

याउलट जानेवारी २०२२ मध्ये काय झाले ते आठवा. डॉ. कोल्हे यांनी २०१७ मध्ये नथुराम गोडसेची भूमिका केलेला एक चित्रपट त्या महिन्यात प्रदर्शित होणार असे जाहीर झाले आणि वादळ उठले. गांधीजींच्या हत्येचे समर्थन करणारी कलाकृती असेल, तर तिच्यावर कठोर टीका करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तिचे लेखन, तिचा हेतू, तिची निवड, या सर्वांवर टीका व्हावी. लोकप्रतिनिधीने तर अशा टीकेस सामोरे गेलेच पाहिजे. परंतु त्या वेळी अनेकांच्या तोंडी जो प्रश्न होता तो हा नव्हता. 'ज्याने महाराजांची भूमिका केली, त्याने ही भूमिका करावीच कशी?' असा तो प्रश्न होता. म्हणजे जिरेटोप एकदा डोक्यावर चढला की तो काढण्याची मुभा नटास नाही! नटाने उत्तर दिले की, भूमिका केली म्हणजे विचार स्वीकारला असे होत नाही. उत्तर अगदी बरोबर आहे. पण ते दोन्ही बाजूंनी बरोबर आहे, हे विसरता कामा नये. गोडसेची भूमिका केल्याने कोणी गोडसे होत नाही, तसेच शिवरायांची भूमिका केल्याने कोणी शिवरायांच्या गुणांचा वारसदार होत नाही. पहिले वाक्य मान्य करणाऱ्यांनी दुसरे विसरावे, आणि दुसऱ्याच्या लाभावर पोसलेल्यांनी पहिले नाकारावे, हा आमच्या समाजाचा दुटप्पीपणा आहे.

दुसरा परिणाम राज्यकारभारावर होतो. मे २०१९ मध्ये, मालिका चालू असतानाच, डॉ. कोल्हे शिरूर मतदारसंघातून निवडून आले. या मतदारसंघात शिवछत्रपतींचे जन्मस्थान शिवनेरी आहे आणि संभाजीराजांची समाधी असलेले वढू बुद्रुकही आहे. दोन्ही भूमिका करणारा नट, दोन्ही तीर्थांच्या मतदारसंघात! २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले; ती दुसरी निवड त्यांच्या पाच वर्षांच्या कामावर व तेव्हाच्या राजकीय स्थितीवर झाली असे कोणी म्हटले, तर आम्ही वाद घालणार नाही. नटाने राजकारणात जाऊ नये, असेही आमचे म्हणणे नाही. वकिलाने जावे, डॉक्टराने जावे, शेतकऱ्याने जावे, तर नटानेच काय पाप केले? आमचे म्हणणे मतदाराविषयी आहे. मत देताना डोळ्यांपुढे उमेदवार होता की जिरेटोप, एवढे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

हे आमच्याच प्रांतात घडते असे नाही. 'रामायण' मालिकेतील सीता आणि रावण १९९१ साली लोकसभेत गेले, 'महाभारता'तील कृष्ण १९९६ साली, आणि राम २०२४ साली. स्वातंत्र्यापूर्वी अण्णादुराईंच्या एका तमिळ नाटकात गणेशन नावाच्या तरुणाने आमच्या शिवाजीमहाराजांची भूमिका अशी केली की, पेरियार यांनी त्याला 'शिवाजी' हेच नाव दिले. तो जन्मभर शिवाजी गणेशन राहिला. पण त्याने पक्ष काढून १९८९ मध्ये निवडणूक लढविली, तेव्हा मतदारांनी त्याला पाडले. नटावर जीव ओवाळून टाकणाऱ्या तमिळ प्रेक्षकाने मतपेटीपाशी हिशेब वेगळा ठेवला. त्या प्रांतानेही अन्य नटांच्या बाबतीत तो नेहमी ठेवला असे नाही. पण तो ठेवता येतो, हे त्या एका उदाहरणाने सिद्ध झाले.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजीराजांवरील 'छावा' हा हिंदी चित्रपट आला. चित्रपटात राजांस पकडून देण्याचा दोष ज्यांच्यावर ठेवला, त्या शिर्के घराण्याच्या वंशजांनी तक्रार केली आणि दिग्दर्शकास क्षमा मागावी लागली. चित्रपटातील खजिन्याची गोष्ट खरी मानून बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोकांनी रात्री शेते खणली. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. चित्रपटाने लोकांच्या भावना प्रज्वलित केल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत म्हटले. दंगलीची कारणे अनेक असतात आणि ती सर्व एका चित्रपटावर ढकलणे हे आम्हांस मान्य नाही. पण जो समाज पडद्यावरील खजिना शोधण्यास कुदळ घेऊन धावतो, तो पडद्यावरील शत्रू शोधण्यास काय घेऊन धावेल, याची धास्ती वाटत नाही असा गृहस्थ कोण आहे? तीनशे छत्तीस वर्षांपूर्वीच्या क्रौर्याचा राग आपल्या शेजाऱ्यावर काढण्यास इतिहास शिकवीत नाही; इतिहासाचे अज्ञान शिकविते.

आता प्रतिपक्षाचे दोन आक्षेप. 'ज्यांना वाचता येत नाही किंवा वेळ नाही, त्यांना मालिकेवाचून इतिहास कसा कळावा?' असे एक विचारतात. हा युक्तिवाद कष्टकऱ्याच्या तोंडी शोभेल. पण तो करतात कोण? ज्यांच्या घरी दोन पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, ज्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात, जे एका जेवणास देतात त्या पैशात बेंद्रे आणि गोखले दोन्ही विकत घेता येतील, ते. कष्टकऱ्याच्या नावाने आपला आळस झाकणे हे सभ्यपणाचे नाही. दुसरे म्हणतात, 'कलेस पुराव्याच्या साखळदंडांनी बांधू नका.' आम्ही बांधीत नाही. १९०७ सालच्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त पुरावा कसला? ते पुराण होते. पण त्यात कर्झनशाही कोणास दिसली नाही? सरकारास तर इतकी दिसली की, १९१० साली त्यावर बंदी आली. कलेने हवी ती भरारी घ्यावी. मात्र भरारी घेताना हातात इतिहासाचा शिक्का घेऊ नये. कला म्हणून स्वातंत्र्य मागावयाचे आणि इतिहास म्हणून नमस्कार घ्यावयाचा, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? मालिका बंद करा, असे आम्ही म्हणत नाही; बंदी हा आळशी समाजाचा दुसरा आवडता उपाय आहे. आमच्या मागण्या साध्या आहेत. निर्मात्यांनी प्रत्येक भागाच्या अखेरीस, वाचता येईल इतक्या सावकाश, आजचा कोणता प्रसंग कोणत्या आधारावर होता आणि कोणता कल्पित होता, हे दोन ओळींत सांगावे. गावातला म्हातारा जो 'म्हणतात' फुकट देतो, तो वाहिनीने तेवढ्या पैशात द्यावा. नटांनी वेषातील नमस्कार विनयाने नाकारावा आणि प्रचाराच्या व्यासपीठावर भूमिकेतील वाक्ये म्हणू नयेत. हा नियम सर्व पक्षांतील सर्व नटांस सारखा. शिक्षकांनी सहल काढताना मुलांस आधी एक पान वाचून दाखवावे आणि मग किल्ल्यावर न्यावे. आणि आई-बापांनी मालिका अवश्य पाहावी, मुलांबरोबर पाहावी. पण ती संपल्यावर एकच प्रश्न विचारावा, 'हे कशावरून?' मुलास उत्तर आले नाही तरी चालेल. आई-बापांस आले नाही, तर मात्र दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची पायरी चढावी.

जिरेटोप हा एका राजाचा होता. त्याने तो राज्य निर्माण करून मिळविला; त्याच्या पुत्राने तो प्राण देऊन राखला. नट तो काही काळ मागून घेतो, डोक्यावर धरतो आणि खेळ संपल्यावर रंगपटातील खुंटीस अडकवितो. चांगला नट हे जाणतो. तो खुंटीवरून काढून पुन्हा पुन्हा त्याच्याच डोक्यावर ठेवण्याचा आग्रह आमचा आहे, आणि तो आग्रह आम्ही भक्ती समजतो. ती भक्ती खरी असेल, तर तिने शास्त्री नदीच्या काठाने संगमेश्वरापासून जयगडापर्यंत एकदा चालून जावे. वाटेत नट भेटणार नाही, नगारा वाजणार नाही. पण त्या वाटेवर जे प्रश्न पडतील, त्यांची उत्तरे शोधण्यास जो ग्रंथ उघडील, त्यालाच आम्ही शिवभक्त म्हणू. बाकीच्यांस प्रेक्षक म्हणण्यास आमची हरकत नाही.